दादांचं गाऱ्हाणं आणि घाडीकाकांचा माइक

घाडीकाका आमच्या दारात आले की कसे आहात विचारत नाहीत, आत या म्हटलं तर येत नाहीत, चहाचं नाव काढत नाहीत. फक्त म्हणतात, "बाई, फ्रिज."

मग मी हातातलं काम टाकून उठते आणि फ्रिजचं बटण बंद करते. आमच्याकडे कुणी पाहुणे बसलेले असले तर त्यांना वाटतं हा कुणी सरकारी माणूस असावा, थकलेल्या बिलासाठी आलेला. वास्तविक ते आमचे सख्खे शेजारी. आमच्या फ्रिजची पाठ ज्या भिंतीला टेकलेली आहे, त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचा हॉल. आमचा फ्रिज सुरू झाला की त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये म्हणे घूं येते. मला ती घूं आजवर ऐकू आलेली नाही. आमच्या ह्यांनाही नाही. पण ह्यांना मी बोललेलंही ऐकू येत नाही, तेव्हा ती साक्ष काही धरण्यासारखी नव्हे.

अर्ध्या तासानं पुन्हा बेल. "बाई, लावा." कधी ते सांगायला विसरतात, मीही विसरते आणि दूध नासतं. एकदा त्या नासलेल्या दुधाचं पनीर करून मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठवलं. म्हटलं, लाज तर वाटेल. वाटी परत द्यायला आले ते म्हणाले, "झकास झालेला! उद्या परत बंद करूया."

सदानंद घाडी. मुक्काम घाटकोपर, पंतनगर, आमच्या इमारतीचा चौथा मजला. मूळ गाव कणकवलीच्या अलीकडे. वडील मुंबईत गिरणीत होते. काका स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लाइनीवर खरखर आली की ती कुठल्या खांबापाशी येते हे नुसतं ऐकून सांगणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचं नाव होतं, असं ते स्वतः सांगतात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "राहिला, राहिला." जसं एखाद्याचं दळण आणायचं राहून जातं.

ह्या माणसाला व्हिडिओचं वेड लागलं आणि तेही निवृत्तीनंतर. हल्ली कुणाला नसतं म्हणा! आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई रोज उपमा करतानाचा व्हिडिओ टाकतात. पण बाकीची मंडळी दिवसाला दोन व्हिडिओ करतात आणि घाडीकाका तीन वर्षं एकाच व्हिडिओची तयारी करत होते. तो व्हिडिओ होता त्यांच्या थोरल्या भावाच्या गाऱ्हाण्याचा.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते. सण असो, लग्न असो, नवं घर असो, नारळ ठेवून घरातला किंवा गावातला मानाचा माणूस देवाशी सरळ बोलायला लागतो. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं जमली आहेत, ह्याचं हे दुखणं आहे, तिचं ते अडलं आहे, सगळ्यांची राखण कर. पोथी नाही, पाठ केलेलं नाही. समोर जो दिसेल त्याचं नाव घेऊन मागायचं. घाड्यांच्या घरात हा मान पिढ्यान् पिढ्यांचा. काकांचे थोरले भाऊ जयराम, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते गावात गाऱ्हाणं घालतात आणि त्यांच्यानंतर ते घालणारं कुणी नाही. दादांच्या मुलाला येत नाही. घाडीकाकांना, त्यांच्याच शब्दांत, "तोंड नाय, कान आसा."

म्हणून हा व्हिडिओ. दादांचं गाऱ्हाणं एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक खरखर न येता टिपून ठेवायचं. "एकदाच करणार बाई," ते मला म्हणाले होते, "पण असा करणार की कान लावून ऐकलं तरी खोट सापडता नये."

सामान घ्यायला ते मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले होते. मी का गेले? कारण मी पालिकेच्या शाळेत शिकवते, सकाळची शाळा, दुपारी मोकळी असते आणि मला नाही म्हणता येत नाही. दुकानदारानं तीन कॅमेरे काढून ठेवले. काकांनी एकाकडेही पाहिलं नाही. म्हणाले, "ऐकवा."

"क्या सुनाऊं अंकल? ये फोर के है."

"फोर के ऐकायला कसा येतो?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग काकांनी खिशातून स्वतःचे हेडफोन काढले, मोठे, कानांवर पुरणाच्या कचोऱ्या ठेवल्यासारखे, ते कॅमेऱ्याला जोडले आणि दुकानदाराला म्हणाले, "बोला काहीतरी. घरच्यासारखं." तो बिचारा घरच्यासारखं काय बोलणार? बोलला, "अंकल, लेना है तो लो." काकांनी डोळे मिटून ते पुन्हा तीनदा बोलायला लावलं. शेवटी त्यांनी कॅमेरा घेतलाच नाही. "कॅमेरो फोनात आसा," म्हणाले. घेतले ते दोन माइक. एक कॉलरला लावायचा, एक लांबून ऐकणारा, पडवळासारखा. दुकानदार बिनतारी माइक दाखवत होता, तो काकांनी परत केला. "वायर असली की बिघाड कुठे झाला ते शोधता तरी येतं. हवेत काय शोधणार?" आणि मग त्यांनी त्या माणसाला आपलं ब्रीदवाक्य ऐकवलं, जे आम्ही सगळ्यांनी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवू: "चित्र हललं तरी लोक माफ करतात. आवाज फाटला की माफी नाय."

माइक आले तरी हौस संपली नाही, उलट तिथून सुरू झाली. फोन उभा करायचा ट्रायपॉड हलका निघाला, वाऱ्यानं डुलायचा. काकांनी त्याच्या मधल्या आकड्याला उकड्या तांदळाची पाच किलोची पिशवी टांगली. "तिपायीला पोट व्हया." गॅलरीत वाऱ्याचा फरफर आवाज येऊ नये म्हणून पडवळ माइकला केसाळ टोपडं लागतं. ते विकत मिळतं; पण काकांना त्यातल्या कुठल्याच टोपड्याचे केस पटेनात. माझ्या लेकीचं लहानपणीचं कापडी अस्वल कपाटावर होतं, ते त्यांनी "बघतंय फक्त" म्हणून नेलं. दोन दिवसांनी परत आणून दिलं तेव्हा त्याला कातडं नव्हतं. सासरी असलेल्या लेकीला मी अजून सांगितलेलं नाही.

हॉलच्या भिंतींना त्यांनी गोधड्या लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. उजेडासाठी दिवे घेतले नाहीत. खिडकीतला सकाळचा उजेड आणि समोर धरलेली पांढरी चादर. ती धरायची मी. हात भरून आला आणि चादर जरा खाली आली की तिकडून आवाज यायचा, "बाई, दादांच्या गालावर संध्याकाळ झाली." दादांच्या जागी त्या वेळी खुर्चीवर मातीचा माठ ठेवलेला असायचा. तीन वर्षं आम्ही एका माठाचं चित्रीकरण करत होतो.

आणि विमानं! घाटकोपरला राहणाऱ्याला विमानाचं कौतुक नसतं. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून चाकं खाली करूनच जातात. आम्ही बोलता बोलता थांबतो, विमान जाऊ देतो आणि तेच वाक्य पुढे सुरू करतो. पाहुण्यांना वाटतं आम्ही सगळे एकदम विसराळू झालो. काकांनी मात्र विमानांची वही केली होती. कुठल्या वाराला, किती वाजता, दोन विमानांच्या मध्ये किती श्वास मिळतो. हेडफोन लावून गॅलरीत उभे राहायचे आणि बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत आख्ख्या मजल्यानं श्वास रोखायचा. वाऱ्यानं दिशा बदलली की विमानंही दुसऱ्या बाजूनं उतरतात, त्या दिवशी काका सुखी असायचे. म्हणायचे, "आज आभाळ रिकामा आसा, बाई. काढा चादर."

मध्यंतरी हात बसावा म्हणून त्यांनी आमच्या ह्यांच्या साठीशांतीचं चित्रीकरण फुकट करून दिलं. फुकट म्हटल्यावर ह्यांनी लगेच होकार दिला, मला न विचारता. पुढच्या रविवारी सगळे नातेवाईक जमवून ते बघायचा कार्यक्रम झाला. चित्रात बहुतेक पाहुणे गळ्यापासून खाली होते. पण आवाज! भटजींचा प्रत्येक उच्चार, जिलबी मोडल्याचा आवाज आणि दहा हात लांब पंगतीत बसून मी जावेच्या कानात बोलले होते ते वाक्य, की वन्संनी ह्या खेपेला साडी तरी नवी नेसायची. वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. काका हेडफोन खाली करून समाधानानं म्हणाले, "बघितलंत? कुजबूज असून शब्द न् शब्द मोकळा." वन्सं आमच्याकडे पुढचे पाच महिने फिरकल्या नाहीत. त्यासाठी मी काकांचे मनातून आभार मानले, ही गोष्ट वेगळी.

गंमत अशी की ज्या भावाच्या आवाजासाठी एवढं रान उठवलं होतं, त्याच्याशी काका बोलायचे किती? दर रविवारी फोन. मी चादर धरून उभी असताना कितीदा ऐकलाय.

"काय, बरा?"

"बरा."

"पाऊस?"

"आसा."

"ठेवतंय."

झालं. मी एकदा म्हटलं, अहो, सख्खा भाऊ ना तो? तर म्हणाले, "मगे? सख्ख्या भावाशी काय बोलायचं असतं?"

मग गेल्या वर्षी एका दुपारी काका आले आणि 'फ्रिज' म्हणाले नाहीत. चपला काढून आत आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, अर्धा कप चहा मिळेल?" चहा पुढे ठेवला तरी उचलेनात. म्हणाले, "दादाच्या घशात गाठ आहे. पुतण्यानं फोन केला. आवाजाची पेटीच काढायची म्हणतायत. मंगळवारी, इथेच मुंबईत." मग म्हणाले, "माणूस राहील, म्हणतात डॉक्टर. आवाज राहणार नाही."

मी काहीतरी धीराचं बोलले. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. बोटांवर मोजत होते. "शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतील. शनिवारी पोचतील. सोमवारी भरती. म्हणजे रविवार. एक रविवार आसा, बाई." आणि उठून गेले. चहा तसाच.

शनिवारी दादा आले. मी त्यांना प्रथमच पाहत होते. काकांहून दहा-बारा वर्षांनी मोठे, काटकुळे, पांढरी टोपी, गळ्याभोवती मफलर. आवाज घोगरा, अर्ध्या वाक्यात बसायचा, खाकरून पुन्हा उभा करायचे. मला म्हणाले, "तुमी त्या चादरवाल्या बाई?" भावाला फोनवर वीस सेकंद मिळत होते, त्यात माझी चादर कशी मावली होती, कोण जाणे.

रविवारी सकाळी काका सहाला उठून कामाला लागले. त्यांनी चार मजल्यांवर फिरून अकरा फ्रिज बंद करवले. पंखे बंद, मिक्सर बंद, पाण्याचा पंप बंद. समोरच्या शहाबेननी कुकर चढवला होता तो शिट्टी व्हायच्या आत उतरवायला लावला. "अरे घाडीभाई, मारी दाळ!" त्या ओरडल्या. काका म्हणाले, "दाळ उद्या होईल बेन." त्यांच्या तोंडाकडे बघून शहाबेननी गॅसही बंद केला. ज्यांना यायचं होतं त्यांनी दाराबाहेर पॅसेजमध्ये बसायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद होती. तीन वर्षांत हा माणूस असा कडक झालेला मी पाहिला नव्हता.

खुर्चीवर माठाऐवजी दादा. समोर पाटावर नारळ, विडा, समई. सदऱ्याच्या कॉलरला माइक. मी चादर धरून. चित्राशी आवाज जुळवायला काकांनी टाळी वाजवली, हेडफोन दाबले, वर आभाळाकडे कान दिला आणि खूण केली.

दादांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाडयेच्या धन्या!" आणि थांबले.

आम्ही वाट पाहतोय. दादाही वाट पाहतायत.

"काय झाला?" काकांनी विचारलं.

"तू सांग काय झाला. कोण व्हय म्हणाक नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझं माहेर घाटावरचं, पण दोन-तीन गाऱ्हाणी मीही ऐकली होती. गाऱ्हाणं घालणारा एक वाक्य बोलतो आणि जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मगच पुढचं वाक्य. तीन वर्षं माइक, गोधड्या, तांदूळ, अस्वल सगळ्याचा विचार केलेल्या माणसानं तेवढंच बंद करून ठेवलं होतं. कोकणातला माणूस, लहानपणापासून स्वतः ओरडत आलेला!

"माणसां गप बसवलीत मुद्दाम," काका म्हणाले. "तुजो एकट्याचो आवाज व्हयो. तू बोलत जा. ता व्हय म्हाराजा मी मागसून घालतंय, एडिटिंगात."

"देव तुज्या एडिटिंगाची वाट बघीत बसतलो?"

"दादा, असा करू नको. तू देवाक सांगतंस ना? मगे माणसां कित्याक व्हयी?"

"एकट्यानच सांगूचा आसता तर मनातल्या मनात सांगलंय असतंय," दादा म्हणाले. "चार माणसां व्हय म्हणतत म्हणान तर ता देवाक सांगणा होता. नायतर ती नुसती बडबड."

वर विमान आलं. काकांनी सवयीनं बोट वर केलं. विमान गेलं. दादा खोकले, बराच वेळ खोकले. पाणी प्यायले. काकांनी पुन्हा खूण केली. दादांनी पुन्हा तीच दोन वाक्यं म्हटली, पुन्हा थांबले आणि पुढे हलेनात. आवाज पहिल्यापेक्षा खाली गेला होता. हे मलाही कळलं, तर हेडफोनमध्ये काकांना काय कळलं असेल! मला त्या वेळी दोघांचाही राग आला. एक म्हातारा हट्टी, दुसरा त्याहून, आणि मधे तो आवाज वाळूसारखा गळत चाललेला. मी चादर खाली ठेवली आणि म्हटलं, "काका, बोलवा हो सगळ्यांना. नाहीतर ह्यातलं काहीच मिळायचं नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग माइकच्या वायरकडे, गोधड्यांकडे. मग दार सताड उघडून पॅसेजमध्ये ओरडले, "या रे सगळे आत! जोरात ओरडायचं! लाजायचं नाय!"

लोक आत घुसले. खुर्ची नाही, जागा नाही, ट्रायपॉडच्या पोटाला धक्का लागला, तांदूळ डोलायला लागले. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला. दादांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गोधड्या असून भिंती हादरल्या.

काय सांगू तो आवाज! घोगरा होता, फाटत होता, पण माणसांचा हुंकार मिळाला की वर चढायचा. नावं माहीत नव्हती तर विचारून घेत होते. ह्या शहाबेनीचा गुडघा बरा कर म्हाराजा. व्हय म्हाराजा! शहाबेन स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं. ह्या बाईची शाळा लांब बदली करतत म्हणतत, ती टाळ म्हाराजा. व्हय म्हाराजा! हे त्यांना काकांनी कधी सांगितलं होतं? तेवढ्यात विमान आलं, अगदी गच्चीला घासल्यासारखं. काकांचं बोट वर गेलं. दादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हात आभाळाकडे केला. "आणि ह्या वरसून चाललेल्या इमानातली जी काय लेकरां आसत, तेंकाय सुखरूप खाली उतरय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही हसत हसत ओरडलो. शहाबेनच्या घरात कुणीतरी कुकर परत चढवला होता, त्याचीही शिट्टी झाली.

मग दादा थांबले. टोपी सारखी केली. आवाज आता अगदी तळाला आला होता.

"म्हाराजा, ह्यो माजो धाकटो भाव सदानंद. ह्यो बारा वर्सांचो आसताना मी ह्येका मुंबयेक धाडलंय. तेवापासून दरवर्सा ह्येच्यासाठी तुका सांगत इलंय. ह्येका बायल नाय, पोर नाय, मागे-फुडे कोण नाय. आता माजी वाचा जातली. फुडच्या वर्सापासून ह्येच्यासाठी तुका सांगणारो कोण नाय. तेवा म्हाराजा, कोणी सांगाची वाट बघू नको. न सांगता ह्येका सांभाळ."

पंधरा-वीस माणसं त्या खोलीत, आणि काकांना सकाळपासून हवी होती तशी शांतता. दादा हात जोडून थांबलेले. आम्ही बोलल्याशिवाय ते मागणं देवापर्यंत जाणार नव्हतं. काका फोनच्या मागे होते. मी एकटीच म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग शहाबेन म्हणाल्या, मग सगळे.

माणसं पांगली. नारळ फुटला, प्रसाद झाला. मी चादरीची घडी करत कोपऱ्यात होते. काका दादांच्या कॉलरचा माइक काढायला खाली वाकले. साधा चिमटा, दोन सेकंदांचं काम. त्यांची बोटं तिथेच चाचपडत राहिली. दादांनी त्यांना करू दिलं. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "सदा, जेवलंस काय रे?"

"नाय. मगे जेवतंय."

"मगे नको. आता बस. मी बसतंय तुज्यावांगडा, दोगां जेवया."

शस्त्रक्रिया नीट झाली. दादा आता गावी आहेत, मुलाकडे, तब्येतीनं बरे आहेत. गळ्याला भोक आहे आणि आवाज नाही. माझी बदली टळली नाही, कुर्ल्याला झाली, पण सकाळचीच शाळा मिळाली. तो व्हिडिओ घाड्यांच्या गावात घरोघरी गेला. हलतो, फाटतो, विमान आहे, शिट्टी आहे. कुणी एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. काकांनी त्यात काहीच कापलं नाही, फक्त शेवटचा एक तुकडा गावाला पाठवला नाही. चिमटा निघेपर्यंत माइक चालूच होता. तो तुकडा त्यांनी स्वतःपाशी ठेवला.

मला तो माहीत आहे, कारण भिंत एकच आहे. दुपारी एकच्या सुमाराला मी शाळेतून येऊन भात उतरवते, तेव्हा पलीकडून दादांचा आवाज येतो, अगदी स्वच्छ, "सदा, जेवलंस काय रे?" मग ताट मांडल्याचा आवाज येतो आणि घाडीकाका म्हणतात, "बसतंय, दादा."